फायबरच्या होडीचा रंग: वाचकांचे प्रश्न

होड्या सुक्यावर ओढायचे दिवस जवळ आले की रंगाबद्दलची पत्रं वाढतात. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतल्या काहींची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: आमची बावीस फुटी फायबरची होडी पावसाळा सोडला तर वर्षभर शापोरा नदीत नांगरून असते. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत रंगीत थर, इतका उतरलाय की हात फिरवला की पांढरी पूड लागते. हार्डवेअरवाला म्हणतो सिंथेटिक इनॅमल पुरे. रंगारी म्हणतो पीयू (पॉलियुरेथेन) मारा. एका ओळखीच्याने इपॉक्सीच सगळ्यात मजबूत म्हणून सांगितलं. कोणता रंग घ्यावा आणि किती?
— होडीमालक, शिवोली

तुमची होडी कुठे उभी असते, हे तिघांपैकी कुणी विचारलेलं दिसत नाही. रंग त्यावरच ठरतो. सतत पाण्यात राहणारा तळ आणि सतत उन्हात राहणारी बाजू यांना एकच रंग चालत नाही.

आधी रंगाची गरज आहे का ते बघा. तळहाताएवढ्या जागेवर १००० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून फिरवा आणि वर रबिंग कंपाउंड मारा. खालून मूळ रंग चकाकून वर आला तर जेलकोट अजून शिल्लक आहे. नवा जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे बफिंग करून वॅक्स लावलं तरी होडी आणखी काही वर्षं काढते. ही तपासणी न करता रंग लावणं म्हणजे उगाच खर्च, कारण एकदा रंग लावला की दर काही वर्षांनी तो लावत राहावं लागतं. घासल्यावर काचेच्या कापडाची वीण दिसू लागली किंवा जागोजागी केसासारख्या चिरा असल्या, तर मात्र रंगच लागेल.

पाण्याच्या वरच्या भागाला दोन डब्यांचा (रंग आणि हार्डनर ऐनवेळी मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर दोन डब्यांचा अ‍ॅलिफॅटिक पीयू घ्या. इपॉक्सी जेलकोटला घट्ट धरतो, पण ऊन लागलं की त्याची पूड होऊ लागते, म्हणून तो उघडा ठेवता येत नाही. पीयू ऊन सोसतो आणि चकाकी टिकवतो. सिंथेटिक इनॅमल स्वस्त आहे आणि लावायला सोपा आहे, पण तो मऊ राहतो आणि आपल्याकडच्या उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात लवकर फिका पडतो. शिवाय पुढे कधी पीयू लावायचा ठरवलं तर तो सगळा खरवडून काढावा लागतो. दरवर्षी हाताने रंगवायच्या छोट्या होडीला इनॅमल लावला तर आमची हरकत नाही. तुमच्या होडीला तो लावू नका.

पाण्याखाली पीयू अजिबात नको. बहुतेक पीयू रंग सतत बुडून राहण्यासाठी बनवलेलेच नसतात. काही आठवड्यांत त्यांना फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. तळाला पाणी अडवणारा इपॉक्सी बॅरियर कोट लावा. सगळे हात मिळून सुकी जाडी सुमारे २५० मायक्रॉन भरली पाहिजे, म्हणजे रोलरने चार-पाच हात. त्यावर अँटिफाउलिंग, म्हणजे तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा विषारी रंग. होडी नेहमीच्या वजनानिशी पाण्यात असताना पाण्याची रेघ खडूने किंवा टेपने आखून घ्या आणि अँटिफाउलिंग त्या रेघेच्या चार-पाच सेंटीमीटर वरपर्यंत न्या. शेवाळ सगळ्यात जास्त धरतं ते तिथेच.

आता मोजमाप. बाजूंचं क्षेत्रफळ असं काढतात: लांबी आणि रुंदीची बेरीज, गुणिले दोन, गुणिले पाण्यावरची उंची. तुमची होडी ६.७ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि पाण्यावर ७० सेंटीमीटर उंच धरली तर सुमारे १२ चौरस मीटर होतात. तळासाठी पाण्यातली लांबी गुणिले रुंदी आणि खोली यांची बेरीज. ६ मीटर गुणिले २.३५ म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर.

डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकावर घनभागाची, म्हणजे सुकल्यावर मागे उरणाऱ्या भागाची, टक्केवारी दिलेली असते. तिला १० ने गुणून हव्या असलेल्या सुक्या जाडीच्या मायक्रॉनने भागलं की एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होतील ते कळतं. घनभाग ४५ टक्के आणि जाडी ४० मायक्रॉन असेल तर ११ चौरस मीटर. रोलर, ट्रे आणि ब्रश यांत राहणारा रंग वजा केला की हातात साडेनऊ येतात. या हिशेबाने पीयूचे दोन हात द्यायला मिसळलेला रंग पावणेतीन लिटरपर्यंत लागेल. इपॉक्सी प्रायमर दोन हातांना तीन लिटर. घनभाग ६० टक्के असेल तर तळाचा बॅरियर सुमारे सात लिटर. अँटिफाउलिंग दोन हात, आणि पाण्याच्या रेघेवर व नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) तिसरा, असं चार लिटर. बॅरियरचा आकडा बघून लोक दचकतात आणि दोन हातांत उरकतात. पाणी अडवतो तो हाच थर. कुठे वाचवायचंच असेल तर वरच्या चकाकीत वाचवा.

रंगाच्या निवडीबद्दल एवढंच की पांढरा किंवा फिका घ्या. गडद निळी किंवा काळी बाजू एप्रिलच्या उन्हात इतकी तापते की फायबरची वीण वर उमटते.

प्रश्न: गेल्या वर्षी पीयू मारला. एका बाजूला अर्ध्या तासात सुरकुत्या आल्या, दुसऱ्या बाजूला बारीक गोल खड्डे पडले, आणि मागचा भाग महिन्याभरानंतरही नख लावलं की दबतो. डबा एकच होता. मग तीन ठिकाणी तीन तऱ्हा कशा?
— वाचक, बेतूल

डब्यात दोष नसावा. तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत.

सुरकुत्या आल्या म्हणजे खाली जुना एका डब्याचा रंग होता, बहुधा सिंथेटिक. पीयूचं थिनर तीव्र असतं, ते खालच्या रंगात शिरून त्याला फुगवतं. तपासणी सोपी आहे. पीयू थिनरमध्ये भिजवलेला फडका जुन्या रंगावर पंधरा मिनिटं ठेवा आणि वर प्लास्टिक दाबून धरा, म्हणजे थिनर उडणार नाही. रंग मऊ पडला किंवा उचलला गेला तर तो सगळा काढावा लागेल. तसाच घट्ट राहिला तर घासून त्यावर काम करता येईल. रंग काढायला बाजारातलं पेंट रिमूव्हर वापरू नका, ते जेलकोटही खातं. पत्रीने खरवडा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा.

गोल खड्डे म्हणजे वॅक्स किंवा सिलिकॉन. साच्यातून होडी सुटावी म्हणून लावलेलं वॅक्स आणि मालकाने हौसेने लावलेलं गाडीचं पॉलिश, दोन्ही जेलकोटला चिकटून असतात. इथे क्रम फार महत्त्वाचा. बहुतेक जण आधी घासतात आणि मग पुसतात. घासलं की वॅक्स ओरखड्यांत दाबून भरलं जातं आणि पुन्हा निघत नाही. म्हणून आधी साबण आणि गोडं पाणी, मग डीवॅक्सर (वॅक्स काढणारं द्रव), आणि त्यानंतर पॉलिश पेपर. पुसताना दोन फडके घ्या. एक डीवॅक्सरने ओला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा कोरडा, ओलावा उडून जायच्या आत. एकाच फडक्याने सगळी बाजू पुसली तर वॅक्स निघत नाही, फक्त पसरतं. हातभर जागा झाली की घडी उलटा आणि दोन-तीन घड्या झाल्या की फडका टाका.

साफ झालं की नाही हे गोडं पाणी सांगतं. पृष्ठभागावर पाणी उडवा. ते सलग पातळ पडद्यासारखं उतरलं तर साफ आहे. थेंब थेंब होऊन बाजूला सरकलं तर वॅक्स अजून आहे.

मऊ राहिलेल्या भागाला बहुधा थिनरने दगा दिलाय. रंग घट्ट झाला की कामगार हाताशी असलेलं एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर ओततो. त्यात अल्कोहोल असतं, आणि पीयूचा हार्डनर रंगाशी जुळायच्या ऐवजी त्या अल्कोहोलमध्येच खर्ची पडतो. रंग दिसतो तसाच, पण आतून कधीच पक्का होत नाही. दुसरी शक्यता अंदाजाने ओतलेल्या हार्डनरची. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते आकारमानाचं आहे की वजनाचं हेही दिलेलं असतं. खुणा केलेलं मापाचं भांडं वापरा. हार्डनर जास्त घातला की रंग लवकर सुकतो ही समजूत चुकीची आहे. तो ठिसूळ होतो.

मऊ भाग आणि सुरकुतलेला भाग पूर्ण काढा. त्यावर नवा हात मारून काही साधणार नाही.

प्रश्न: मासेमारी बंदीच्या काळातच होडी रिकामी मिळते. शेडमध्ये ताडपत्री लावून पावसात रंग करता येईल का?
— मच्छीमार, खारीवाडा, वास्को

गोव्यात बंदी १ जून ते ३१ जुलै. रंगासाठी वर्षातले सगळ्यात वाईट ६१ दिवस तेच. होडीवर पाऊस पडू नये एवढ्याने भागत नाही, हवेतला ओलावाही कमी हवा.

नियम असा की होडीचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होतं त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी गरम हवा आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २७ अंशांवर येतो. शेडमधली होडी रात्रभर गार झालेली असते, २८ अंशांवर. म्हणजे अंतर एकाच अंशाचं. डोळ्यांना पाणी दिसत नाही, पण पृष्ठभागावर ओलावा बसलेला असतो. हीच आर्द्रता ६० टक्के असती तर दवबिंदू २१-२२ अंशांवर गेला असता आणि काहीच अडचण आली नसती. आर्द्रता आणि तापमान दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. ते घेतल्याशिवाय दोन डब्यांचा रंग उघडूच नका.

ओलाव्यात प्रत्येक रंग वेगळ्या रीतीने बिघडतो. पीयूचा हार्डनर पाण्याशी जुळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. मग बारीक बुडबुडे, सुया टोचल्यासारखी भोकं आणि चकाकी गेलेला पांढुरका पृष्ठभाग दिसतो. इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो थिनरने नीट निघत नाही, गोड्या पाण्याने आणि घासणीने निघतो. तो न धुता पुढचा हात दिला, किंवा आधी घासून मग धुतला, तर पुढचा थर पापडासारखा सुटतो.

आमचा सल्ला असा. होडी मेच्या मध्यावर, पंधरा दिवस आधी ओढा. त्या पंधरा दिवसांचं उत्पन्न बुडतं हे आम्हाला माहीत आहे, पण बिघडलेला पीयू काढून पुन्हा लावायचा खर्च त्याहून मोठा असतो. मेमध्ये सावलीत, सकाळच्या वेळी प्रायमर आणि रंग उरकून घ्या. ते जमलंच नाही तर जून-जुलैत न बिघडणारी कामं करा: जुना रंग खरवडणं, फोड उघडणं, इंजिनाचं आणि लाकडाचं काम. रंग ऑक्टोबर संपल्यावर, दोन-चार दिवसांची सुट्टी काढून. शेड गरम करायला हॅलोजन दिवे किंवा शेगडी लावायचा विचार डोक्यातून काढून टाका. थिनरची वाफ पेट घेते.

हिवाळ्यातही एक गोष्ट सांभाळा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी होडीवर दव असतं आणि संध्याकाळी ते पुन्हा पडतं. साडेनऊ-दहाला होडी पूर्ण कोरडी झाल्यावर सुरू करा आणि बारा-साडेबाराला हात उचला. एक तर तेव्हापासून समुद्रावरून वारा सुटतो आणि खार व लाल धूळ ओल्या रंगावर आणून टाकतो. दुसरं म्हणजे दव पडण्याआधी पीयूला निदान पाच-सहा तास मिळायला हवेत. दुपारी चारला लावलेल्या रंगावर दुसऱ्या दिवशी सकाळी जे धुरकट डाग दिसतात, ते रात्रीच्या दवाचे.

प्रश्न: माझ्याकडे कंप्रेसर आणि स्प्रे गन आहे. घराच्या अंगणातच पीयू स्प्रे केला तर चालेल का? तोंडाला रुमाल बांधीन.
— वाचक, चोडण

नाही. हे उत्तर जरा लांबवून देतो, कारण यात तुमच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे केलं की त्याचे सूक्ष्म कण श्वासावाटे थेट आत जातात. काहींना त्यातून दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वासानेही अ‍ॅटॅक येतो. हे आयुष्यभर राहतं. रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क इथे कामाचा नाही. स्प्रे करायचा तर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि बंदिस्त बूथ लागतो. अंगणात शेजारी असतात, मुलं असतात.

सुदैवाने रोलर आणि ब्रशने इतका सुंदर पृष्ठभाग मिळतो की चार हातांवरून बघणाऱ्याला तो स्प्रेचाच वाटावा. दोन माणसं लागतात. एक रोलर फिरवणार, दुसरा लगेच मागून ब्रशचं फक्त टोक टेकवत नेणार.

थिनरला टिकणारा बारीक फोमचा रोलर घ्या. साधा फोम पीयूत विरघळतो आणि त्याचे तुकडे रंगात उतरतात. ब्रश नैसर्गिक केसांचा, मऊ, तीन इंची. रंग एका वेळी ४००-५०० मिलिलिटरच मिसळा, पाऊण तासात संपेल इतकाच. ढवळून डब्यावर सांगितलेला वेळ ठेवा, गाळणीतून गाळा आणि ब्रशसाठीचं, उन्हाळ्याला चालणारं संथ (हळू उडणारं) थिनर डब्यावर दिलं असेल तेवढंच घाला.

साठ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा वरपासून खालपर्यंत रोलरने पातळ लावायचा. ब्रश जवळजवळ आडवा धरून, दाब न देता, एकदाच वरून खाली न्यायचा. पुढच्या पट्ट्यात मागच्याची ओली कड पाच-सात सेंटीमीटर घ्यायची आणि ब्रश नव्या रंगाकडून जुन्या कडेकडे उचलायचा. कड सुकली की जोड दिसतो आणि तो झाकता येत नाही. म्हणून एक बाजू सुरू केली की मध्ये चहाला थांबायचं नाही. एखादा डास बसला, केस पडला, तर हात लावू नका. सुकल्यावर घासून पुढच्या हातात झाका.

जाड लावायचा मोह होतो. ओला थर १०० मायक्रॉनच्या पुढे गेला की उभ्या बाजूवर पडदे ओघळतात. पहिल्या हातात खालचा प्रायमर थोडा दिसला तरी दिसू द्या. दोन पातळ हात, लागला तर तिसरा. हातांच्या मध्ये डब्यावर दिलेला वेळ ओलांडला असेल तर ३२० नंबरने घासून पुसा, नाहीतर नवा हात धरत नाही. प्रायमरखालचा जेलकोट मात्र १२० ते १८० ने खरखरीत करायचा. त्याला ४०० मारून गुळगुळीत केला तर प्रायमरला पकडायला काही उरत नाही.

रोलरने लावतानाही नायट्राइल हातमोजे, चष्मा आणि सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज व धुळीचा फिल्टर असलेला मास्क हवाच. उघडलेला हार्डनर हवेतलं पाणी ओढतो. उरलेला ठेवून पुढच्या वर्षी काढलात आणि तो गढूळ किंवा दाट झालेला दिसला तर टाकून द्या. म्हणूनच छोटे डबे घ्यावेत, थोडे महाग पडले तरी.

प्रश्न: रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होडीला अँटिफाउलिंग लावावं का? रोज किनाऱ्यावर ओढतो.
— रापणकार, कोळवा

नको. तळाला शिंपल्यांचे खवले धरायला होडी दिवसेंदिवस पाण्यात राहावी लागते. तुमची रोज सुकते, आणि लावलेलं अँटिफाउलिंग वाळूत घासून जाईल ते वेगळंच. तोच पैसा तळाच्या कण्यावर घाला. इपॉक्सीत काचेच्या पट्टीचे दोन-तीन थर आणि ज्या जागा वाळूला टेकतात तिथे बदलता येईल अशी कडक प्लास्टिकची पट्टी. स्क्रूची भोकं सीलंट भरून बंद करा, नाहीतर पाणी फायबरच्या आत शिरेल. खालून लाकूड असून वर फायबर चढवलेलं असेल तर लाकूड पूर्ण सुकल्याखेरीज काहीही बंद करू नका. आत कोंडलेलं पाणी लाकूड कुजवतं आणि वरून काहीच कळत नाही.

प्रश्न: होडी धुऊन बघितली तर तळाला मटकीच्या दाण्यापासून रुपयाएवढे फोड. एक टोचला तर आंबट वासाचं चिकट पाणी उडालं. होडी गेली का?
— वाचक, कुठ्ठाळी

गेली नाही. पुढचा फोड टोचताना डोळ्यांवर चष्मा मात्र घाला, आतलं द्रव दाबाखाली असतं आणि आम्लधर्मी असतं.

जेलकोटमधून पाणी फार सावकाश झिरपतं. आत रेझिनमध्ये उरलेली रसायनं त्यात विरघळतात, द्रव दाट होतो, आणि दाट द्रव आणखी पाणी ओढतो. त्याच्या दाबाने जेलकोट फुगतो. गोड्या आणि कोमट पाण्यात हे जास्त होतं, म्हणून नदीत उभ्या असलेल्या होड्यांना समुद्रातल्यांपेक्षा लवकर.

फोड तुरळक असतील तर एकेक उघडा. घट्ट फायबर लागेपर्यंत घासा आणि कडा बशीसारख्या उतरत्या करा. मग गोड्या पाण्याने, शक्य तर गरम, रोज धुवा. आंबट वास आणि चिकटपणा गेला पाहिजे. पावसाळ्यात होडी बाहेर असेल तर हे धुण्याचं काम करून घ्या आणि सुकवणं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हावर सोडा. सुकलं की नाही ते असं बघा: फूटभर चौकोनी पॉलिथिन चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून घाम धरला तर अजून पाणी आहे. यात महिना-दोन महिने जातात. घाई केली तर नवा इपॉक्सी ते पाणी आत कोंडतो आणि पुढच्या वर्षी त्याच जागी फोड येतो.

भरताना आधी नुसता इपॉक्सी ब्रशने चोळा. तो चिकट असतानाच सिलिका पावडर घालून लोण्यासारखा दाट केलेला इपॉक्सी भरा. खोल खड्ड्यात काचेच्या कापडाच्या गोल चकत्या घाला, मोठी ते छोटी. गाडीच्या डेंटिंगची लांबी (पुट्टी) पाण्याखाली वापरू नका. तिच्यातली टाल्क पावडर पाणी शोषते. मग पहिल्या उत्तरात सांगितलेला बॅरियर. सगळा तळच फोडांनी भरला असेल तर जेलकोट सोलून काढावा लागतो, ते काम यार्डातच द्या.

प्रश्न: प्रवासी होडी मांडवीत असते, आउटबोर्ड इंजिन आहे. कॉपरचं अँटिफाउलिंग इंजिनाच्या पायालाही लावावं का?
— होडीचालक, बेती

तांब्याचं अँटिफाउलिंग अ‍ॅल्युमिनियमला लागता कामा नये. खाऱ्या पाण्यात दोन धातूंमध्ये वीज वाहते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. इंजिनाचा पाय वापर नसताना वर उचलून ठेवा, किंवा त्याला तांबं नसलेलं, अ‍ॅल्युमिनियमसाठीचं अँटिफाउलिंग लावा. तळाला लावतानाही धातूच्या प्रत्येक भागाभोवती दोन-तीन सेंटीमीटर मोकळी जागा सोडा. झिंकच्या अ‍ॅनोडवर (इंजिनाऐवजी स्वतः झिजणाऱ्या तुकड्यावर) कोणताच रंग नको. रंगवलेला अ‍ॅनोड काम करत नाही.

रोज फिरणाऱ्या होडीला स्वतः झिजणारा प्रकार योग्य. होडी चालली की वरचा थर झिजतो आणि ताजा उघडा पडतो. पहिला हात लाल आणि दुसरा काळा किंवा निळा घ्या. वर्षभरात लाल दिसू लागला की नवा हात द्यायची वेळ झाली. डबा निदान दहा मिनिटं तळापासून ढवळा. तांब्याची भुकटी जड असते, खाली बसते, आणि न ढवळता लावलेल्या पहिल्या अर्ध्या डब्यात विषच नसतं. पातळ करू नका. किती दिवसांत पाण्यात सोडायची ते डब्यावर असतं.

जुना थर काढताना कोरडं घासू नका. वॉटर पेपर घ्या, खाली ताडपत्री पसरा आणि चिखल गोळा करून घातक कचऱ्यात द्या. धुऊन नदीत सोडला तर ते तांबं तिसऱ्या-खुब्यांसारख्या शिंपल्यांच्या आणि कालवांच्या पिल्लांना मारतं. तेच आपल्या ताटात येतात. कुणी जुना टिनयुक्त, टीबीटीचा जहाजी रंग देऊ केला तर घेऊ नका. त्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. शिंपल्यांवर त्याचे फार वाईट परिणाम दिसले होते.

प्रश्न: डेकवर पाय घसरतो. रंगात किनाऱ्यावरची वाळू मिसळली तर?
— वाचक, काणकोण

समुद्राच्या वाळूत मीठ असतं, ते रंगाखाली पाणी ओढून फोड आणतं. नॉन-स्किड भुकटी घ्या, किंवा धुऊन, भाजून, चाळलेली बारीक क्वार्ट्‌झ वाळू. रंगात मिसळण्यापेक्षा ओल्या हातावर मिठाच्या भांड्यातून सारखी भुरभुरा, सुकल्यावर सुटी झाडून काढा आणि वरून एक हात द्या. कठड्याजवळ आणि दोऱ्यांच्या खुंट्यांभोवती बोटभर पट्टी गुळगुळीत सोडा, नाहीतर पाणी आणि घाण तिथेच अडकते.

प्रश्न: चिरेवर जेलकोट भरला, दोन दिवस झाले तरी वरून चिकट आहे.
— वाचक, तळपण

खालून कडक आणि वरून चिकट असेल तर बिघडलेलं काही नाही. जेलकोट हवेच्या संपर्कात वरून पूर्ण सुकत नाही. शेवटच्या हातात वॅक्स-इन-स्टायरीन घालायचं असतं किंवा वर गुळगुळीत प्लास्टिक चिकटवायचं असतं. आता थिनरने पुसा आणि घासा. खालपर्यंत मऊ असेल तर कॅटॅलिस्ट (जेलकोट कडक करणारं द्रव) कमी पडला, खरवडून काढा. एक किलोला साधारण १५ ग्रॅम लागतो, वजन करूनच घाला. कोबाल्ट (सुकणं वेगाने करणारं द्रव) वेगळा मिळाला असेल तर तो आधी जेलकोटमध्ये पूर्ण ढवळा, कॅटॅलिस्ट नंतर. हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतू नका, स्फोट होतो. आणि ज्या जागी इपॉक्सी लावलाय तिथे जेलकोट भरू नका, तो धरत नाही.

प्रश्न: रंग बदलला तर नोंदणी क्रमांकाचं काय? टेप काढताना अक्षरांच्या कडाही तुटतात.
— वाचक, कुटबण

मासेमारीची होडी असेल तर रंग बदलण्याआधी मत्स्योद्योग खात्यात, प्रवासी असेल तर कॅप्टन ऑफ पोर्ट्‌सकडे विचारून घ्या. क्रमांकाचे जुने फोटो आणि अक्षरांची मापं घासण्याआधी लिहून ठेवा. अक्षरं पीयू पूर्ण पक्का झाल्यावर, आठवड्याने, हलकं घासून लिहा. टेप बारीक कडेचा, सोलव्हंटला टिकणारा घ्या आणि कड नखाने नाही, प्लास्टिकच्या कार्डाने दाबा. कडा तुटतात कारण टेप रंग पक्का झाल्यावर काढला जातो. शेवटचा हात हाताला चिकटायचा थांबायच्या आतच टेप मागे दुमडून, सावकाश, रंगापासून दूर ओढा. उन्हात किंवा रात्रभर ठेवलेला टेप गोंद सोडतो आणि तो काढताना नवा रंग पुन्हा घासावा लागतो.